आधीची नोकरी आणि गावातलं आरोग्य शिक्षण: कुठल्या कामातलं काय उपयोगी पडतं?

सिंदफणा (धागाकर्ती)

आपल्या मराठवाड्यात आरोग्य शिक्षणाच्या कामाला येणारी माणसं सगळीकडून येतात. कुणी शिवणकाम केलेलं, कुणी किराणा दुकान चालवलेलं, कुणी विमा एजंट, कुणी औषध कंपनीचा एमआर, कुणी पाणीपुरवठ्याच्या मोटारीवर. अर्जात या सगळ्याला जागाच नसते. माझं ठाम मत आहे की या कामात माणूस रमतो की सहा महिन्यांत सोडतो, हे बरंचसं त्याचा जुना हात इथे वापरात येतो की नाही यावर ठरतं. पाठ केलेलं भाषण देऊन कुणालाच समाधान मिळत नाही, कारण भाषणानंतर घरात काही बदललेलं दिसत नाही.

म्हणून इथे लिहिताना माप, पद्धत आणि काय फसतं, हे लिहा. आत्मचरित्र नको. सुरुवात ओआरएसपासून करते.

जुलाब झाले की ओआरएस द्यायचं, हे आता घराघरात ठाऊक आहे. चूक मापात होते. सरकारी दवाखान्यातली एक पुडी म्हणजे एक लिटर पाणी. पण घरात लिटरचं माप नसतं आणि प्रत्येक घरचा तांब्या वेगळा. माय पेलाभर पाण्यात अंदाजाने थोडी पुडी टाकते, उरलेली गुंडाळून फडताळात ठेवते. पाणी खारट होतं, लेकराची तहान आणखी वाढते, ते उलटी करतं, आणि घरात ठरतं की 'याला ती पावडर सोसत नाही'. शिवाय खारट पाण्याने अंगातलं मीठ वाढणं लेकराला धोक्याचंच असतं. ज्या बाईने दुकानात आयुष्यभर तराजू धरला तिच्या हे लगेच लक्षात येतं.

उपाय असा: एक लिटरच्या पाण्याची रिकामी बाटली सोबत न्या. ती भरून त्याच घरच्या पातेल्यात ओता. पाणी जिथवर आलं तिथे बाहेरून खिळ्याने ओरखडा काढा. आता ते घरचं माप झालं. पुडी पूर्ण टाकायची, वरून साखर-मीठ काही नाही, २४ तासांनी उरलेलं फेकायचं. प्रत्येक जुलाबानंतर २ वर्षांच्या आतल्या लेकराला ५० ते १०० मिली, त्याहून मोठ्याला १०० ते २०० मिली, चमच्याचमच्याने. उलटी झाली तर १० मिनिटं थांबून पुन्हा, अजून सावकाश. पुडीच नसेल तर एक लिटर पाण्यात साखर ६ सपाट चहाचे चमचे आणि मीठ अर्धा सपाट चमचा. सपाट म्हणजे वरून बोट फिरवून सपाट. शीग लावलेला चमचा चालत नाही.

सोबत झिंक १४ दिवस: २ ते ६ महिन्यांच्या बाळाला १० मिग्रॅ, त्यापुढे २० मिग्रॅ. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबतात आणि गोळीही तिथेच थांबते. पुढचे दिवस कशासाठी, ते सांगावंच लागतं: पुढच्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा जुलाब लागण्याची शक्यता त्याने कमी होते.

मोजपट्टी

शिवणकामातून आलेल्या बायांना दंडघेर मोजायला द्या. पट्टी हातात कशी धरायची हे त्यांना शिकवावं लागत नाही. फक्त एक सवय मोडावी लागते. ब्लाउजचं माप घेताना थोडं सैल धरायची सवय असते, इथे तसं केलं तर कुपोषित लेकरू चांगल्यात निघून जातं.

वय ६ महिने ते ५९ महिने. डावा दंड, बाही पूर्ण वर. कोपर काटकोनात दुमडून खांद्याच्या हाडाचं टोक आणि कोपराचं टोक यांच्यामधला मध्य शोधायचा, खूण करायची. मग हात सरळ, सैल सोडायचा. रडणारं लेकरू दंड आवळतं, म्हणून ते मायच्या मांडीवरच असू द्या. पट्टी कातडीला सगळीकडून टेकली पाहिजे, पण कातडीला सुरकुती पडता कामा नये. ११.५ सेंमीच्या खाली म्हणजे तीव्र कुपोषण (सॅम), ११.५ ते १२.५ च्या आत म्हणजे मध्यम (मॅम).

आणि पट्टी हिरवा रंग, म्हणजे 'ठीक', दाखवते म्हणून तिथेच थांबू नका. दोन्ही पावलांच्या वरच्या बाजूला अंगठ्याने तीन सेकंद दाबा. दोन्हीकडे खड्डा राहिला तर ती सूज आहे, दंड कितीही भरो, लेकराला त्याच दिवशी दवाखान्यात पाठवायचं. हे सुटतं, कारण सुजलेलं लेकरू बघणाऱ्याला गुटगुटीत वाटतं.

माप आपण घेऊन निघून जायचं नाही. पट्टी मायच्या हातात द्यायची, तिच्याकडून दोनदा मोजून घ्यायचं. वजनकाट्याचा आकडा वहीत जातो आणि तिथेच राहतो. दंडाची पट्टी मायला स्वतःला कळते.

दुधना_काठ

विमा एजंटाचं नाव वर आलंच आहे. त्याची खरी पुंजी म्हणजे तारखांची डायरी. नवजात बाळाच्या गृहभेटी या तारखांवरच चालतात: दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ वा दिवस, घरी झालं असेल तर पहिल्या दिवसाचीही भेट धरून सात. या गृहभेटींची मूळ पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या कामातून आली, नंतर ती देशभर आशांकडे गेली.

फसतं कुठे? पहिलं, दिवस दवाखान्यातून सुट्टी झाल्यापासून मोजले जातात. ते जन्मापासून मोजायचे. सिझर झालेली बाई उशिरा घरी येते, तेव्हा सगळ्या तारखा सरकतात. दुसरं, पहिलटकरीण माहेरी जाते. सासरच्या आशाच्या यादीत ती 'बाहेरगावी', माहेरच्या आशाच्या यादीत तिचं नाव नाही. पहिला आठवडा सर्वांत नाजूक आणि नेमका तोच रिकामा जातो. सातव्या महिन्यातच विचारून ठेवा की बाळंतपणाला कुठे जाणार, गावाचं नाव आणि तिथल्या आशाचा नंबर डायरीत हवा.

भेटीत काय बघायचं हेही पक्कं ठेवा. बाळ दूध ओढतं का, सुस्त आहे का, अंग गार किंवा तापलेलं आहे का, श्वास घेताना छाती आत ओढली जाते का. श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, कारण नवजात बाळाचा श्वास एकसारखा नसतो. ६० किंवा त्याहून जास्त आले तर थोड्या वेळाने पुन्हा मोजा, पुन्हा तेवढेच आले तर रुग्णवाहिकेसाठी लगेच १०८ किंवा १०२ ला फोन. नाळेला काही लावायचं नाही: हळद नाही, राख नाही, तेल नाही. आजीसमोर नातसुनेला हे सांगून उपयोग नसतो. आजीला विश्वासात घेऊन, तिच्याच हातात बाळ असताना सांगा.

पूर्णामाय

सगळं पटलं, पण पैशाचं कुणी बोललं नाही म्हणून बोलते. समाधान हा शब्द या क्षेत्रात फार वापरला जातो, आणि तो बऱ्याचदा कमी मोबदल्यावर पांघरूण म्हणून घातला जातो. नवीन येणाऱ्यांनी आकडे विचारूनच यावं.

आशाला केंद्राच्या योजनेत पगार नाही, कामागणिक मोबदला आहे. वरच्या नवजात गृहभेटींचा संपूर्ण संच झाला की २५० रुपये. पुढे ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्याच्या भेटी, प्रत्येकी ५०. राज्याची भर वेगळी. संस्थेच्या प्रकल्पात लागत असाल तर चार गोष्टी लेखी घ्या: प्रकल्प किती महिन्यांचा, प्रवासखर्च वेगळा की मानधनातच, मोबाइलवरची माहिती भरण्याचं काम कुणाचं, आणि प्रकल्प संपल्यावर गावाला काय सांगायचं. चौथा मुद्दा कुणी विचारत नाही. गाडी येणं एके दिवशी बंद होतं आणि गावात तोंड दाखवायची पाळी शेवटच्या कार्यकर्तीवर येते.

सरकारी बाजूला जागा कोणत्या, हेही लिहिते. आशा गावातलीच आणि विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित बाई लागते. तिच्या वर गट प्रवर्तक. तालुक्याला समूह संघटक, तिथे समाजकार्याची पदवी उपयोगी पडते. तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा परिसर आहे, तो आपल्याला जवळचा. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला मात्र वैद्यकीय किंवा नर्सिंगची पात्रता लागते. दुसऱ्या धंद्यातून येणाऱ्याने त्या रांगेत वेळ घालवू नये.

बिंदुसरा

पूर्णामाय, शिक्षणाच्या अटीबद्दल एक जोड देते. आपल्या बीडच्या सीमेला लागून असलेल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं, तेव्हा गावोगावच्या ज्या बाया आरोग्य कार्यकर्त्या झाल्या त्यांतल्या कित्येक निरक्षर होत्या. तुळजापूर तालुक्यात अणदूरला 'भारतवैद्य' म्हणून गावातल्याच बायांना तयार केलं गेलं. शेतमजुरी केलेल्या बाईला कुठल्या घरात चूल कधी पेटते हे माहीत असतं. ते माहीत नसेल तर पदवीचा भेटीच्या वेळेला काही उपयोग नाही.

आता ऊसतोडीचं. ज्यांनी मुकादमाकडे हिशेब लिहिला आहे किंवा ट्रॅक्टर चालवला आहे, त्यांना कोणती टोळी कोणत्या कारखान्याला जाणार हे आधी कळतं. ही माहिती सोन्याच्या मोलाची आहे. दसऱ्यानंतर गावं रिकामी व्हायला लागतात, माणसं परततात ती मार्च-एप्रिलात. म्हणून पोळा झाला की यादीला लागा. यादीत चारच प्रकारची माणसं: गरोदर बाया, २ वर्षांच्या आतली लेकरं, टीबीचे रुग्ण, आणि बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असलेले.

गरोदर बाईचं माता-बाल संरक्षण कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिच्याच पेटीत, घरी सासूकडे नाही. पुढच्या तपासणीची तारीख कार्डावर मोठ्या आकड्यात. लोहाच्या गोळ्या निघण्याआधी मोजून द्या. लेकराची जी लस निघण्याआधी बसते ती देऊन टाका, आणि मायला सांगा की डोस चुकला तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेल्यापासून पुढे चालतं. 'आता उशीर झाला, दवाखान्यात रागावतील' या भीतीने कित्येक लेकरांची पुढची लस राहते. टीबीच्या रुग्णाचा निक्षय क्रमांक (सरकारी टीबी नोंदणीचा नंबर) त्याच्या मोबाइलमध्ये आणि कागदावरही लिहून द्या. तो देशात कुठेही चालतो, कर्नाटकातल्या कारखान्यावर गेला तरी. औषध मध्येच सुटलं तर आजार औषधाला दाद देईनासा होऊ शकतो, हे त्याच्या जोडीदारालाही कळलं पाहिजे, कारण कोयता, म्हणजे ऊसतोडीचं काम, नवरा-बायकोचा मिळून असतो.

तेरणा

बिंदुसराताई, ऊसतोडीचा विषय निघाला तर गर्भपिशवी काढण्यावर बोललंच पाहिजे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला आणि सरकारने समिती नेमली. तरी गावपातळीवर बाईला नेमकं काय सांगायचं, हे अजून पुष्कळ ठिकाणी ठरलेलं नाही.

बाईची तक्रार बहुधा दोन प्रकारची असते: अंगावरून पांढरं जातं, किंवा पाळीत फार जातं. पांढरं जाणं जंतुसंसर्गाचं असेल तर ते गोळ्यांनी बरं होतं, काही वेळा नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं. तेवढ्यासाठी पिशवी काढायची नसते. फार जाण्यावरही आधी गोळ्यांचे उपाय असतात. 'कॅन्सर होईल' ही भीती घातली गेली असेल तर तिला तपासणीला पाठवा. तिशीनंतर गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी सरकारी दवाखान्यात होते.

ऑपरेशन सांगितलं असेल तर तिने तीन प्रश्न विचारायचे. सोनोग्राफीत नेमकं काय निघालं? आधी कोणती औषधं देऊन पाहायची? अंडाशय ठेवणार की काढणार? कमी वयात अंडाशय काढले तर हाडं लवकर ठिसूळ होतात, अंगातून वाफा येतात. सगळे कागद घेऊन दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यावं. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय या भागाला जवळचं आहे. ऑपरेशननंतर सुमारे सहा आठवडे जड उचलता येत नाही. मोळी डोक्यावर घेणारी बाई हे पाळू शकत नाही.

एक गोष्ट मनापासून लिहिते. उसाच्या फडावर खाडा पडला की पैसे कापले जातात, कोप्यांजवळ (राहायच्या झोपड्यांजवळ) पाणी नाही, संडास नाही. अशा बाईला फक्त 'स्वच्छता पाळा' म्हणणं हा तिच्यावर अन्याय आहे. तिथे आरोग्य शिक्षण मुकादमाला आणि कारखान्याला द्यायचं असतं: पाण्याचा टँकर, आडोसा, पाळीच्या दिवसांत खाडा न धरणं. ज्यांनी आधी हिशेबनीस म्हणून मुकादमाशी व्यवहार केलेत त्यांचा शब्द तिथे चालतो, तो त्यांनी वापरावा.

मांजरा_खोरं

मोटारीवर, पाणीपुरवठ्यावर काम केलेल्यांसाठी. गावचं पाणी शुद्ध करायला जलसुरक्षक नेमलेला असतो, टीसीएलची (ब्लीचिंग पावडरची) पिशवीही असते, पण किती टाकायचं हे अंदाजाने चालतं.

गोल विहिरीचं गणित: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली (सगळं मीटरमध्ये), गुणिले ३.१४, भागिले ४. उत्तराला १००० ने गुणलं की लिटर. व्यास ४ मीटर, पाणी ३ मीटर असेल तर ३७,६८० लिटर. चांगल्या टीसीएलमध्ये सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतं, अशी पावडर १००० लिटरला २.५ ग्रॅम. म्हणजे या विहिरीला ९४ ग्रॅम. पाण्याची खोली दरवेळी दोरीला दगड बांधून मोजा. ऑगस्टचा आकडा मार्चात चालत नाही.

पावडर तशीच विहिरीत भिरकावू नका. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात आधी लगदा करा, मग पाऊण बादली भरून ढवळा, १० मिनिटं ठेवा. चुना खाली बसतो. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत काढा, ती बादली दोराने विहिरीत सोडून खालीवर, आजूबाजूला हलवा. गाळ विहिरीत जाऊ द्यायचा नाही. हे रात्री, उपसा थांबल्यावर करा. किमान एक तास जाऊ द्या, मग ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात उरलेलं क्लोरीन बघायची चाचणी. उरलेलं क्लोरीन ०.५ मिग्रॅ प्रति लिटर दिसलं पाहिजे, पाणी पिवळसर होतं.

पिवळं झालं नाही तर कारणं दोन. पाणी गढूळ आहे. पहिल्या पावसानंतर काळ्या मातीचा गाळ उतरतो आणि क्लोरीन त्यातच खर्च होतं. नाहीतर पावडर मेलेली आहे. पत्र्याच्या खोलीत, उघड्या पिशवीत, मे महिन्याच्या उन्हात ठेवलेल्या टीसीएलमधला क्लोरीन उडून जातो. तोंड घट्ट बांधून, अंधारात, कोरड्या जागी ठेवा. 'वास आला म्हणजे चांगली आहे' हा भरवसा धरू नका.

मोजपट्टी

मांजरा, चौकोनी टाकीचंही सांगा. वस्त्यांवर आता सिमेंटच्या टाक्याच जास्त.

मांजरा_खोरं

लांबी गुणिले रुंदी गुणिले पाण्याची उंची, गुणिले १०००. पण टाकीला आधी आतून घासून धुणं महत्त्वाचं, शेवाळही क्लोरीन खातं. टँकरचं पाणी टाकीत पडतं तिथे प्रत्येक टँकरनंतर पुन्हा डोस. कालच्या क्लोरीनवर आजचं पाणी शुद्ध होत नाही.

गोदातीर

शाळेतून आलेल्यांसाठी थोडं स्पष्ट लिहितो. शिक्षकाला सगळ्यांसमोर बोलता येतं, ही ताकद आहे आणि अडचणही. शिक्षक विचारतो 'समजलं का?' आणि अख्खी बैठक 'हो' म्हणते. त्याऐवजी 'आता तुम्ही करून दाखवा' म्हणायचं. एका बैठकीत एकच गोष्ट. हात धुणं म्हटलं की हात धुणंच, त्यात शौचालय आणि प्लास्टिकबंदी घुसवायची नाही. एमआर लोकांना दोन मिनिटांत मुद्दा मांडायची सवय असते, ती इथे फार कामाची. मात्र त्यांनी पत्रकं वाटण्यावर विसंबू नये.

वेळेचं भान ठेवा. सोयाबीन काढणीत दुपारची बैठक लावली तर कुणी येणार नाही. वेळा अमावस्येला लातूर-धाराशिवकडे अख्खं गाव शेतात असतं. तांड्यावर गोरमाटी (बंजारा बोली) बोलणारी कार्यकर्ती सोबत हवी. मराठी सगळ्यांना कळते, पण म्हाताऱ्या बाया प्रश्न विचारतात ते त्यांच्याच बोलीत.

लोहाच्या गोळ्यांचं उदाहरण घ्या. गरोदरपणात चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान १८० दिवस. नुसतं 'गोळ्या घ्या' सांगितलं तर दहाव्या दिवशी बंद होतात, कारण शौचाला काळी होते आणि बाई घाबरते. काळी होणार, ते लोहामुळे, त्यात धोका नाही, हे गोळी देतानाच सांगायचं. मळमळ होत असेल तर रात्री जेवणानंतर घ्यावी. चहा आणि गोळी यांत किमान तासाचं अंतर. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी, दोन्ही एकत्र घेतल्या तर लोह अंगी लागत नाही. जेवणात पालेभाजीवर लिंबू पिळायला सांगा. पुढच्या भेटीला 'घेता का?' न विचारता पाकीट मागा आणि उरलेल्या गोळ्या मोजा.

पूर्णामाय

गोदातीर सर, पाकीट मोजताना बाईला चोरी पकडल्यासारखं वाटू नये. 'गोळ्या संपत आल्या असतील तर नवीन देते, बघू बरं' असं म्हटलं की ती स्वतः आणून दाखवते. आणि उरल्या असतील तर कारण विचारायचं, रागवायचं नाही.

सिंदफणा

सगळ्यांचे आभार. एका प्रश्नाचं उत्तर राहिलं, निरोपातून तो बऱ्याच जणींनी विचारला आहे: काम होतंय की नाही हे स्वतःला कसं कळावं? वरिष्ठांना द्यायच्या अहवालात बैठका आणि हजेरी असते. त्याने महिना भरतो, मन भरत नाही. त्यासाठी एक साधी वेगळी वही ठेवा, अहवालाशी तिचा संबंध नको. तिच्यात घरागणिक एकच ओळ, आणि ओळीत फक्त डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट: पातेल्यावरचा ओरखडा वापरात आहे, झिंकचं पाकीट १४ व्या दिवशी रिकामं, नाळ कोरडी, दंडाची पट्टी मायने स्वतः लावली. 'सांगितलं', 'समजावलं' हे शब्द त्या वहीत लिहायचे नाहीत. दर महिन्याला मागची दहा घरं पुन्हा बघा. जिथे बदल टिकला नाही तिथे माणसाला दोष देण्याआधी वस्तू तपासा: बाटली हरवली का, पुडी संपली का, पाणी दुरून आणावं लागतं का.

पुढचा धागा मिश्री आणि तंबाखूवर काढते. ज्यांनी बचत गटांसोबत काम केलं आहे त्यांनी तिथे जरूर लिहावं, गटाच्या बैठकीत मिश्रीची डबी फिरते तेव्हा विषय कसा काढायचा हे त्यांनाच नीट सांगता येईल.